घोडीची पाठ

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी सात वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आली होती. एका सकाळी मी तानपुऱ्याची गवसणी काढली, तारा जुळवायला बसले आणि तिला सहज एकेका भागाचे नाव सांगू लागले. हा भोपळा, ही दांडी, या खुंट्या, भोपळ्यावरची ही लाकडी तबली आणि तारा जिच्यावरून जातात ती ही घोडी. भोपळा तिला लगेच पटला, कारण तो खरोखरच भोपळा होता. खुंट्याही पटल्या. घोडीपाशी मात्र ती थांबली, वाकून सगळ्या बाजूंनी तिने ती पाहिली आणि मला विचारले, "मावशी, हिचं तोंड कुठंय?"

मला उत्तर देता आले नाही. हा शब्द मी लहानपणापासून वापरते आहे, पण त्या शब्दात एक जनावर उभे आहे हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. वस्तूचे नाव तोंडात रुळले की त्यातले चित्र पुसून जाते. बंदुकीतला, बुद्धिबळातला, नाही तर तानपुऱ्यातला, असे किती घोडे आपण रोज उच्चारतो आणि त्यांतला एकही आपल्याला दिसत नाही.

त्या दिवशी मी घोडी पहिल्यांदा नीट पाहिली. आमच्या तानपुऱ्याची घोडी शिसवी आहे. चार बोटे लांब, दोन बोटे रुंद आणि इतक्या वर्षांच्या हाताळणीने जवळजवळ काळी झालेली. वरून पाहिले तर ती सपाट वाटते. पण डोळा तबलीच्या पातळीला आणून खिडकीच्या उजेडाकडे पाहिले, की तिच्या पाठीला एक अगदी हलका उतार दिसतो, आपण हाताने चाचपून पाहिला तर कदाचित कळणारही नाही इतका हलका. खालची बाजू कोरून पोकळ केलेली आहे, त्यामुळे दोन टोकांना पाय तयार झाले आहेत आणि त्या पायांच्या मधल्या पोकळीतून पलीकडचा उजेड दिसतो. पाठीवरून चार तारा जातात आणि प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक धागा आहे. ना तोंड, ना मान, ना आयाळ, ना शेपूट. भाचीचा प्रश्न रास्त होता.

हा तानपुरा माझ्या आत्याचा. तिचा स्वर काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की ती तानपुरा जुळवायला बसे. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या आणि शेवटची पितळी खर्जाची. तारा सुरात आल्यावर ती खरी कामाला लागे, म्हणजे एकेका तारेखालचे सूत बोटाने केसभर पुढे-मागे सरकवू लागे. सूत योग्य जागी आले की तारेचा आवाज एकाएकी उघडे, जणू बंद खोलीचे दार कोणी लोटले आहे; आणि खर्जाच्या तारेतून, कोणी न लावलेला गंधार ऐकू येऊ लागे. मी शेजारी बसून पाहत असे. "सूत सरकव हवं तर, पण घोडीला हात लावू नकोस," असे ती मला बजावत असे. ही ताकीद मी इतक्या वेळा ऐकली होती की घोडी हा शब्द माझ्यासाठी त्या ताकिदीचाच एक भाग होऊन बसला होता.

भाचीच्या प्रश्नानंतर मी माझ्या आजूबाजूचे घोडे मोजू लागले. दिवाळीच्या आधी जळमटे काढायला, पंखे पुसायला आमच्या वाड्यात एक उंच, पायऱ्यांचे चौपायी लाकडी स्टूल होते, त्याला सगळे घोडा म्हणत. गवंडी भिंतीला गिलावा करताना ज्यांवर फळी टाकून उभे राहतात त्या घोड्या. सुतार ज्यांवर लाकूड आडवे ठेवून करवत चालवतो त्याही घोड्याच. वडील कामावरून आले की माझा धाकटा भाऊ त्यांना "घोडा घोडा" करायला लावी, आणि ते हातपाय टेकून ओणवे झाले की त्यांच्या पाठीवर बसे. यांपैकी कशालाही घोड्याचे तोंड नाही. वडिलांना तोंड होते, पण भावाला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. त्याला पाठ हवी होती, आणि ती पाठ जमिनीपासून थोडी वर, चार पायांवर उभी असायला हवी होती.

बुद्धिबळातला घोडा याच्या अगदी उलट आहे. आज घरोघरी जो संच असतो त्यातल्या घोड्याला फक्त मान आणि तोंड असते. पाठ नाही, पाय नाहीत. घोड्याचे जणू दोन तुकडे झाले, तोंडाकडचा अर्धा भाग पटावर गेला आणि पाठीकडचा अर्धा सुताराकडे, गवंड्याकडे आणि तानपुऱ्याकडे आला.

येथे भाषेची एक खूण सांगितल्यावाचून राहवत नाही. तानपुऱ्यावरची ती घोडी म्हणजे घोड्याची मादी आहे, असे मला मुळीच वाटत नाही. मराठीला एखादी वस्तू लहान आहे हे सांगायचे असले की ती बहुधा त्या वस्तूला स्त्रीलिंग देते. खुंटा मोठा, खुंटी लहान. सुरा मोठा, सुरी लहान. दोरा-दोरीत मात्र उलटे झाले आहे, पण डबा-डबी, गाडा-गाडी, लोटा-लोटी अशी रांग लांबच लांब आहे. तानपुऱ्यावर खुंट्या आहेत, खुंटे नाहीत, आणि तसाच येथे घोडा नसून घोडी आहे. आकाराने लहान म्हणून घोडी. नाव ठेवणाऱ्या माणसाने जनावराची जात पाहिली नव्हती. त्याने पाठ पाहिली, पाय पाहिले आणि किती लहान आहे ते पाहिले. एका अक्षराच्या प्रत्ययात मराठीने एवढे मोजमाप करून ठेवले आहे, याचे मला अतिशय अप्रूप वाटते.

जनावराच्या आकारावरून वस्तूला नाव देण्याची रीत सर्वत्र आहे, आणि वाद्यांत तर फारच आहे. मोराच्या आकाराच्या वाद्याला ताऊस म्हणतात, आणि ताऊस या फारसी शब्दाचा अर्थच मोर. कासवाच्या पाठीसारख्या चपट्या भोपळ्याच्या वीणेला कच्छपी हे नाव आहे. सतारीच्या तारेत स्वर बारकाईने जुळवण्यासाठी जो मणी ओवतात तो पुष्कळदा हंसाच्या घाटाचा असतो. पण या सगळ्यांत कोणीतरी मुद्दाम चित्र कोरले आहे, किंवा रूप उघडच दिसते आहे. घोडीत कोणीही घोडा कोरलेला नाही.

मग तो दिसला कसा? या प्रश्नाचा विचार करताना मला बंदुकीची मदत झाली, हे जरा विचित्र आहे. चाप ओढल्यावर जो भाग पुढे आपटतो त्याला आपण घोडा म्हणतो. बोलताना चापालाही घोडा म्हटले जाते, पण मूळ आकार त्या आपटणाऱ्या भागाचा आहे. वाकलेली मान आणि पुढे काढलेले तोंड. इंग्रजांना त्याच भागात कोंबडा दिसला आणि त्यांनी त्याला कॉक म्हटले. जर्मनांनाही कोंबडाच दिसला, ते त्याला हान म्हणतात. फ्रेंचांना कुत्रा दिसला, त्यांच्याकडे तो शियाँ. स्पॅनिश लोक चापाला गातियो म्हणतात, म्हणजे मांजराचे पिल्लू. बंदुकीची एवढीशी कळ, आणि घोडा, कोंबडा, कुत्रा, मांजर अशी अख्खी गोठ्याशेजारची वस्ती तिच्यात उतरली. तोंडावरून नाव ठेवायला गेले की असे होते. वाकलेली मान कोणाचीही असू शकते; ज्याच्या अंगणात जे जनावर, त्याला ते दिसते.

आता तानपुऱ्याची घोडी घ्या. वीणा वाजवणारी माझी एक कन्नड मैत्रीण आहे. तिला मी सहज विचारले की तुमच्याकडे याला काय म्हणतात, तर ती म्हणाली, कुदुरे. कुदुरे म्हणजे घोडा. तमिळमध्येही वीणेच्या त्याच भागाला कुदिरै, म्हणजे घोडाच. फारसीत सेतार आणि तार या वाद्यांच्या घोडीला खरक म्हणतात. खर म्हणजे गाढव, तेव्हा खरक म्हणजे छोटे गाढव. फ्रेंचमध्ये व्हायोलिनच्या घोडीला शव्हाले म्हणतात, आणि शव्हाल म्हणजे घोडा. पोर्तुगीजमध्ये ती कावालेत, तीही घोड्यावरूनच. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना व्हायोलिन शिकवले गेले, तेव्हा एकाच किनाऱ्यावर एका घरात कावालेत आणि पलीकडच्या देवळात घोडी, असे दोन भाषांतले दोन घोडे एकाच कामाला उभे होते. इतकेच नव्हे, तर फ्रेंच आणि पोर्तुगीज चित्रकार ज्या तिकाटण्यावर कॅनव्हास ठेवतात त्यालाही हाच शब्द वापरतात, आणि इंग्रजीतला ईझल हा शब्द डच भाषेतून आला, जिथे त्याचा अर्थ गाढव.

जिथे तोंड होते तिथे प्रत्येकाला आपापले जनावर दिसले. जिथे तोंडच नव्हते, नुसती पाठ आणि पाय होते, तिथे इतक्या दूरदूरच्या लोकांना ओझे वाहणारे जनावरच दिसले, कोणाला घोडा तर कोणाला गाढव. ही गोष्ट लक्षात आली त्या संध्याकाळी मी बराच वेळ काही न करता बसून राहिले होते. आकारावरून नाव ठेवणे म्हणजे रूप पाहून नाव ठेवणे, असे मी समजत होते. पण आकार हा रूपाचा असतो तसा उभे राहण्याचाही असतो. कारागिराने घोडीकडे पाहिले तेव्हा ती कशासारखी दिसते हे त्याने पाहिले नाही, ती कशी उभी आहे हे पाहिले: पाय रोवून, पाठ वर करून, चार तारांचा ताण अंगावर घेऊन. ज्याने आयुष्यभर लादलेली जनावरे पाहिली आहेत, त्याला ही उभे राहण्याची रीत ओळखायला तोंडाची गरज पडत नाही.

इंग्रजीत तिला ब्रिज म्हणतात, जर्मनमध्ये श्टेग, म्हणजे साकव. तेही नाव खोटे नाही. तारेचे कंपन घोडीवरूनच तबलीत उतरते आणि तिथून भोपळ्यात जाते, तेव्हा पूल म्हणणाऱ्यांनी एक खरी गोष्ट पकडली आहे. पण पूल निर्जीव असतो. त्याची पाठ दुखत नाही, तो बसत नाही, त्याला जपावे लागत नाही. घोडीला जपावे लागते, हे मी त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने केलेल्या नुकसानातून शिकले.

झाले असे की तारा जुन्या झाल्या होत्या, म्हणून मी त्या बदलायला घेतल्या आणि घाईत चारही तारा एकदमच काढल्या. एकेक तार काढावी आणि तिच्या जागी नवी चढवून मगच दुसरीला हात लावावा, हे मला ठाऊक असायला हवे होते. तारांचा दाब जाताच जुन्या सरसाने कशीबशी धरलेली घोडी सुटली आणि तबलीवरून खाली घसरली. घाबरून मी ती घरात होत्या त्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पुन्हा बसवली. ती जागेवरून जरा सरकलेली बसली, आणि तारा चढवल्यावर तानपुरा बोलेना. चारही तारा सुरात होत्या, पण आवाज नुसता टक्‌टक् उमटून विझून जात होता. आत्याने ज्या एका गोष्टीला हात लावू नकोस म्हणून सांगितले होते, तिलाच मी हात लावला होता.

दिवाळीनंतर मी तानपुरा घेऊन मिरजेला गेले. मिरजेत तंतुवाद्ये बनवणारी घरे आहेत ती मूळ शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम ओसरले तेव्हा तेच हात सतार आणि तानपुऱ्याकडे वळले. पंढरपूरकडे भीमाकाठी पिकणारे मोठे भोपळे तिथे येतात, सुकतात, कापले जातात, आणि त्यांवर तबली, दांडी, खुंट्या चढत जातात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली ते गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर झाली, आणि आजही तिथे त्यांच्या स्मृतीत गाणे होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या घराण्यांच्या हातून आधी शस्त्रे गेली आणि मग वाद्ये, त्यांच्या दोन्ही कामांत घोडा हा शब्द आहे, ही गोष्ट मला गल्लीत शिरताना आठवली आणि तिने मला धीर दिला, का ते सांगता येत नाही.

ज्यांच्याकडे मी गेले ते कारागीर साठीच्या पुढचे होते. त्यांनी तानपुरा आडवा घेतला, गोंद पाहिला आणि मला काही बोलले नाहीत. आधी त्यांनी घोडी सोडवली, तिच्या पायाखालचा गोंद खरवडून काढला, आणि तबलीवर जुन्या घोडीच्या पायांची जी फिकट खूण उरली होती तीवर तिला पुन्हा उभी केली. "सरस थोडाच लावायचा, ताई," ते म्हणाले. "तारा चढल्या की त्यांच्या दाबानंच ती पाय रोवते." मग जवारी काढायला, म्हणजे घोडीची पाठ घासून तारेचा आवाज उघडायला, सुरुवात झाली. तार चढवायची, छेडायची, कान लावून ऐकायची, सैल करून बाजूला सारायची. तारेने घोडीच्या पाठीवर उमटवलेली बारीक चकाकती रेघ उजेडात धरून पाहायची. ती रेघ जिथे तुटली असेल तिथे कानशीने एक-दोन हात फिरवायचे, पॉलिश पेपर फिरवायचा, पुन्हा तार चढवायची. एका तारेला त्यांना पाऊण तास लागला. "पाठ फार उतरती झाली तर आवाज बंद होतो, फार सपाट राहिली तर तार नुसती घरघरते," असे ते मला सांगत होते, आणि थोड्या वेळाने, "पोट इथं जरा जास्त कोरलंय कुणीतरी," असेही म्हणाले. परतीच्या गाडीत माझ्या ध्यानात आले की दिवसभरात त्यांच्या बोलण्यात घोडीची पाठ आली, पोट आले, पाय आले. तोंड एकदाही आले नाही. भाचीचा प्रश्न त्यांना विचारायचा असे ठरवून मी गेले होते, आणि न विचारताच मला त्याचे उत्तर घेऊन येता आले.

त्या हलक्या उताराचे गुपित काय आहे, याचे कुतूहल मोठमोठ्या माणसांना पडले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली, नोबेल पारितोषिक मिळण्याच्या नऊ वर्षे आधी, तानपुरा आणि वीणा यांचा अभ्यास केला. एका तारेतून मुख्य स्वराबरोबर त्याच्या वरचे अनेक बारीक स्वर निघतात, ते अंशस्वर. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूपाशी ज्या अंशस्वरांची तार स्थिर राहते ते अंशस्वर आवाजात उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. रामन यांना आढळले की तानपुऱ्याची तार हा नियम पाळत नाही; जे स्वर गप्प बसायला हवेत तेही ठणठणीत बोलतात. कारण तार घोडीच्या एका काठावर टेकून थांबत नाही. कंप पावताना ती त्या उतरत्या पाठीला क्षणोक्षणी स्पर्श करते आणि सोडते, आणि धाग्यामुळे हा स्पर्श नेमका जुळवता येतो. खर्जातून येणारा आत्याचा गंधार हा त्या तारेचा पाचवा अंशस्वर. तो तारेत आधीपासूनच असतो, पण त्याला मोठा करून आपल्यापर्यंत आणते ती पाठ. कर्नाटक संगीतात त्या धाग्याला जीवा म्हणतात, हे मला फार आवडते. घोडीच्या पाठीवर जीव ठेवायचा, आणि तो योग्य जागी आला की लाकूड गाऊ लागते.

आता शिकायला येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी ब्रिज म्हणतात. पुष्कळ जणींकडे तानपुराच नाही. फोनमधल्या तानपुऱ्यावर रियाज होतो, आणि प्रवासात, लहान घरांत त्याची सोय मोठी आहे हे मीही मानते. पण ज्या तानपुऱ्याला घोडी नाही त्याच्यापाशी बसून स्वर उघडायला शिकता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून माझ्याकडे येणारीला मी पहिल्या महिन्यात सूत सरकवायला देते आणि घोडी हा शब्द वापरायला लावते. शब्द गेला तर ब्रिज म्हणणाऱ्या मुलीला पाठ कुठून सापडेल, पोट कुठून सापडेल, पाय रोवणे म्हणजे काय हे कसे कळेल?

नाताळच्या सुट्टीत भाची पुन्हा आली. तानपुरा मिरजेहून नुकताच आला होता. मी तारा जुळवल्या, सूत सरकवले, आणि खर्जातून गंधार येऊ लागल्यावर तिला जवळ बोलावून म्हटले, "बोट ठेव हिच्यावर. अगदी हळू." तिने घोडीच्या कडेला, तारा सोडून, करंगळीचे टोक टेकवले. मी चारही तारा एकामागून एक छेडल्या. तिने डोळे मोठे केले आणि कुजबुजत म्हणाली, "मावशी, ही थरथरतेय." तिचे बोट तसेच राहू दिले मी, आणि पंचमापासून पुन्हा सुरुवात केली.